एक कोटीच्या घरासाठी स्वतःचे किती लागतात? मुंबईतल्या घराचा सोपा हिशेब

मुंबईत घर घ्यायचं ठरलं की पहिली चर्चा भावाची होते. मुलुंडला काय भाव चाललाय, बोरिवलीत वन बीएचके कितीला मिळेल, डोंबिवलीला गेलो तर किती वाचतील. मग कुणीतरी मोबाईलवर हप्ता काढून बघतं. हप्ता ओढूनताणून का होईना झेपतोय असं दिसलं की रविवारी घरं बघायला सुरुवात. बहुतेकांचं गणित इथेच फसतं, कारण किंमत आणि हप्ता यांच्यामध्ये आणखी एक आकडा असतो: करार होईपर्यंत स्वतःच्या खिशातून किती पैसे उभे करावे लागतील. मुंबईत घर अडतं ते बहुतेक वेळा या आकड्यावर.

एक साधं उदाहरण घेऊ. नवरा-बायको दोघं नोकरी करतात, कापून-कटून दोघांचे मिळून महिन्याला 1 लाख 40 हजार हातात येतात. मुलुंडला जुन्या सोसायटीत वन बीएचके बघितलाय, किंमत एक कोटी. बँक कर्ज देईल, पण सगळ्या किमतीचं नाही. रिझर्व्ह बँकेने त्यावर मर्यादा घातली आहे. कर्ज 30 लाखांपर्यंत असेल तर घराच्या किमतीच्या 90 टक्के, 30 ते 75 लाखांच्या दरम्यान असेल तर 80 टक्के आणि 75 लाखांच्या वर गेलं तर 75 टक्के. म्हणजे एक कोटीच्या घराला जास्तीत जास्त 75 लाख. उरलेले 25 लाख आपले.

पण थांबायचं नाही, कारण स्टॅम्प ड्युटी अजून यायची आहे. मुंबईत ती 6 टक्के आहे आणि करारातली किंमत व सरकारी रेडी रेकनरच्या (सरकारने त्या भागासाठी ठरवलेल्या) दराने होणारी किंमत यांत जे जास्त असेल त्यावर लागते. म्हणजे इथे किमान 6 लाख. नोंदणी शुल्क एक टक्का, पण ते 30 हजारांच्या वर जात नाही. दलालाचा एक टक्का धरला तर आणखी एक लाख. सोसायटीची ट्रान्सफर फी, जी महापालिका हद्दीत 25 हजारांहून जास्त घेता येत नाही. बँकेची प्रोसेसिंग फी, वकिलाचा टायटल सर्च, व्हॅल्युएशन. सगळं मिळून बेरीज 33 लाखांच्या आसपास येते. यात बँक एक पैसा देत नाही, कारण स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणी हे घराच्या किमतीत धरायचे नाहीत असा नियम आहे. रंगकाम, ग्रिल, किचनचा ओटा, सामान हलवणं हे सगळं त्यानंतरचं.

घर बांधकामाधीन असेल तर यावर 5 टक्के जीएसटी. ओसी (राहायला परवानगीचा पालिकेचा दाखला) मिळालेल्या तयार घराला किंवा जुन्या घराला जीएसटी नाही. परवडणाऱ्या घराला हाच कर एक टक्का आहे, पण परवडणारं म्हणजे काय, तर महानगरात 60 चौरस मीटरपर्यंत कार्पेट (भिंतींच्या आतली जागा) आणि किंमत 45 लाखांच्या आत. मुंबई शहरात 45 लाखांत नवं घर शोधून दाखवा! ही व्याख्या 2019 ची आहे आणि देशातल्या सगळ्या शहरांना किमतीची एकच फूटपट्टी लावते. मुंबईकराला तिचा उपयोग जवळपास शून्य.

आता हे 33 लाख जमवायचे कसे? समजा हे जोडपं भाडं, मुलाची फी, गावाला पाठवायचे पैसे सगळं भागवून महिन्याला 40 हजार बाजूला टाकतं. ही मोठी बचत आहे, भल्याभल्यांना जमत नाही. त्यावर 7 टक्के परतावा धरला तरी 33 लाख व्हायला पावणेसहा वर्षं लागतात. तेवढ्यात घराचा भाव वर्षाला 5 टक्क्यांनी वाढला तर एक कोटीचं घर 1 कोटी 32 लाखांचं होतं आणि 33 लाखांऐवजी 43 लाख लागतात. म्हणून प्रत्यक्षात हा सुरुवातीचा पैसा पगारातून फार कमी वेळा येतो. तो येतो वडिलांच्या ग्रॅच्युइटीतून, आईच्या दागिन्यांतून, चाळीतली खोली विकून, गावच्या जमिनीच्या हिश्श्यातून. ज्यांच्या आईवडिलांचं मुंबईत आधीच काहीतरी आहे आणि जे साताऱ्याहून, सिंधुदुर्गातून किंवा लातूरहून पहिल्यांदाच इथे आले, त्यांच्यात पगार सारखे असूनही इथेच फरक पडतो. तिशी-पस्तिशीतल्या पोरांना ‘आम्ही तुमच्या वयात घर केलं होतं’ असं ऐकवणाऱ्यांनी हा हिशेब एकदा कागदावर मांडून बघावा. पोरं उधळी नाहीत.

हप्त्याकडे येऊ. 75 लाखांचं कर्ज, 8.5 टक्के व्याज, 20 वर्षं: हप्ता 65 हजार 87 रुपये. वीस वर्षांत एकूण भरायचे 1 कोटी 56 लाख, त्यातलं व्याज 81 लाखांहून जास्त. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. बँक देते तो परतफेडीचा तक्ता मात्र नीट वाचला जात नाही, आणि खरी गोष्ट त्यातच असते. पहिल्या महिन्याच्या 65 हजारांतले 53 हजार 125 रुपये नुसते व्याजाचे. मुद्दलातून कमी होतात ते जेमतेम 12 हजार. पाच वर्षं एकही हप्ता न चुकवता भरले तर तुमचे 39 लाख गेलेले असतात आणि कर्ज उरलेलं असतं 66 लाख. म्हणजे मुद्दल फिटलं फक्त 9 लाखांच्या आसपास. म्हणून चार-पाच वर्षांत बदली, परदेश किंवा गावी परतणं असं काही दिसत असेल, तर विकत घ्यायची घाई करू नये. तेवढ्या काळात स्टॅम्प ड्युटी आणि व्याजच भरून होतं, घर काही आपलं होत नाही. सात-आठ वर्षं तरी त्या जागी राहायचं नक्की असेल तर गोष्ट वेगळी.

दुसरं, हा 8.5 टक्के दर कायमचा नसतो. ऑक्टोबर 2019 पासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जं बाहेरच्या दराशी, बहुतेक ठिकाणी रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराशी (ज्या दराने ती बँकांना उधार देते), बांधलेली आहेत. मे 2022 च्या सुरुवातीला रेपो 4 टक्के होता, फेब्रुवारी 2023 मध्ये तो 6.5 टक्के झाला. ज्यांनी 6.75 टक्क्यांनी 50 लाख घेतले होते त्यांचा हप्ता 38 हजारांचा होता. दर 9.25 झाल्यावर 50 लाखांवरचं नुसतं व्याजच महिन्याला साडेअडतीस हजार होतं. वर्षभर हप्ते भरून मुद्दल थोडं खाली आलेल्यांचाही जवळपास सगळा हप्ता व्याजातच जायला लागला. अनेकांना हे कळलंच नाही, कारण हप्ता तोच राहिला आणि मुदत गुपचूप वाढत गेली. पन्नाशीत फिटायचं कर्ज निवृत्तीच्या पलीकडे गेलं. ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे ग्राहकाला विचारा, त्याला स्थिर दराचाही पर्याय द्या. 2025 मध्ये रेपो पुन्हा खाली आला, तेव्हा तुमच्या कर्जाचा दर खरंच उतरला का आणि मुदत किती उरली, हे बँकेत जाऊन लेखी मागून घ्या. बदलत्या दराच्या गृहकर्जाला वैयक्तिक कर्जदाराकडून मुदतपूर्व परतफेडीचा दंड घेता येत नाही. दर वर्षी एक हप्ता जास्तीचा भरला, बोनसमधून म्हणा, तर वरच्या उदाहरणातलं कर्ज तीन वर्षांहून जास्त आधी फिटतं. माझ्या मते सामान्य माणसाला यापेक्षा चांगली गुंतवणूक शोधायची गरज नाही.

‘कर्जावर टॅक्स वाचतो’ हे अजून सर्रास सांगितलं जातं. स्वतः राहत्या घराच्या व्याजावरची 2 लाखांपर्यंतची वजावट जुन्या करपद्धतीत आहे. नव्या करपद्धतीत, जी आता न सांगता लागू होते, ती मिळत नाही. त्यामुळे टॅक्सचा फायदा गृहीत धरून हप्त्याची उडी मारू नका, आधी आपण कोणत्या पद्धतीत आहोत ते बघा.

स्टॅम्प ड्युटीत मात्र एक खरी सवलत आहे. घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं तर ती एक टक्क्याने कमी होते, म्हणजे एक कोटीला एक लाख वाचतात. नवऱ्याचं नाव जोडलं की सवलत गेली. लाखापेक्षाही मोठी गोष्ट ही की घर बाईच्या नावावर होतं. आपल्याकडे हे अजून फार कमी घडतं, त्यामुळे ही सवलत मला मनापासून आवडते.

आता, हे सगळं इतकं महाग का? मुंबई अरुंद आहे, तिन्ही बाजूंनी पाणी आहे, मध्ये बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान आहे, पूर्वेला बंदराची जमीन, मिठागरं, रेल्वे, संरक्षण खात्याच्या जागा. हे खरंच आहे, पण समुद्राला सगळा दोष देऊन भागत नाही. गेल्या पाऊणशे वर्षांत आपण केलेल्या नियमांनीही घरं महाग केली आहेत.

पहिला नियम भाड्याचा. 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी सप्टेंबर 1940 च्या पातळीवर गोठवली. युद्ध आणि फाळणीच्या काळात गरिबाला रस्त्यावर येऊ द्यायचं नाही हा हेतू योग्यच होता. पण गोठवलेलं भाडं पन्नास वर्षं तसंच राहिलं. मालकाला महिन्याला दीडशे रुपये मिळत असतील तर तो गळणारं छप्पर कशाला दुरुस्त करील आणि भाड्याने द्यायला नवी इमारत कशाला बांधील? भाड्याची घरं बांधायचा धंदाच बंद पडला. त्यातून पागडी आली: खोली भाड्याचीच, पण घेताना मोठी रक्कम द्यायची, सोडताना नव्या भाडेकरूकडून घ्यायची आणि त्यातला साधारण तिसरा हिस्सा मालकाला. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने पागडीला मान्यता दिली आणि वर्षाला 4 टक्के भाडेवाढही दिली, पण 4 टक्के कशावर? दीडशे रुपयांवर सहा रुपये. गिरगाव, दादर, लालबागच्या 1940 पूर्वीच्या इमारती दुरुस्तीविना जीर्ण झाल्या. त्यासाठी 1969 मध्येच खास कायदा करून त्यांच्यावर उपकर बसवावा लागला होता आणि त्यातून सरकारी दुरुस्ती मंडळ आलं. पावसाळ्याच्या तोंडावर अतिधोकादायक इमारतींची यादी निघते, ती या धोरणाचीच पुढची पायरी.

दुसरा नियम एफएसआयचा. एफएसआय म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल तो आकडा. हजार चौरस फुटांच्या प्लॉटवर एफएसआय 1 असेल तर सगळे मजले मिळून हजार फूट. 1991 च्या नियमावलीत मुंबई शहरात तो 1.33 आणि उपनगरांत 1 होता. इतक्या गर्दीच्या, नोकऱ्यांनी भरलेल्या शहराला हा फारच तोकडा होता. मग वाढीव एफएसआय आला, पण प्रीमियम भरून किंवा टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेवरचा बांधकामाचा हक्क, विकत घेऊन. फंजिबल या नावाचा आणखी 35 टक्के एफएसआय, तोही पैसे मोजून. 2034 पर्यंतच्या आराखड्याच्या नियमावलीत रस्ता जितका रुंद तितका जास्त एफएसआय, पण मूळ एफएसआयच्या वरचं बरंचसं विकतचंच. महापालिका आणि राज्य सरकार दोघांच्या तिजोऱ्या या पैशावर अवलंबून आहेत. बिल्डर हे पैसे पदरचे थोडेच घालणार, ते घराच्या किमतीत येतात.

तिसरा थर जुन्या रहिवाशांच्या घरांचा. मुंबईत मोकळी जमीन जवळपास उरलेली नाही. नवं घर बांधायचं तर चाळ, जुनी सोसायटी किंवा झोपडपट्टी पाडूनच. 2011 च्या जनगणनेनुसार शहरातल्या दर दहा माणसांपैकी चार जण झोपडपट्टीत राहत होते. 1995 मध्ये आलेल्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत पात्र जुन्या रहिवाशाला घर मोफत मिळतं, ते आता 300 चौरस फुटांचं आहे. पण मोफत म्हणजे त्याच्यासाठी मोफत. त्याच्या घराचा बांधकाम खर्च, ते होईपर्यंतचं त्याचं भाडं, सोसायटीला द्यायचा कॉर्पस (देखभालीचा निधी), बिल्डरच्या कर्जावरचं व्याज, हे सगळं बाजूच्या विक्रीच्या टॉवरमध्ये घर घेणारा माणूस भरतो. रहिवाशाला घर मिळणं त्याचा हक्क आहे, त्याबद्दल माझी जराही तक्रार नाही. पण शहराची ही जबाबदारी नव्याने घर घेणाऱ्या नोकरदाराच्या करारनाम्यात अदृश्यपणे घातली जाते, हे तरी सांगायला हवं.

सार्वजनिक जमीन वापरून हे वेगळ्या तऱ्हेने करता येतं, याचं उदाहरण शहरातच आहे. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळी 1920 च्या दशकात बांधल्या गेल्या. खोली 160 चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामाईक, एका खोलीत तीन पिढ्या. तिथे पुनर्विकासात 500 फुटांचं घर देतायत. ऑगस्ट 2025 मध्ये वरळीतल्या पहिल्या 556 कुटुंबांना चाव्या मिळाल्या. जमीन सरकारी, काम म्हाडाकडे, म्हणजे राज्य सरकारच्या गृहनिर्माण संस्थेकडे, म्हणून हे जमलं. याच्या उलट गिरण्यांच्या जमिनीचं झालं. 1982 च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, सुमारे 600 एकर जमीन शहराच्या अगदी मध्यभागी मोकळी होणार होती. 1991 च्या नियमात तिचे तीन भाग करायचे होते: एक मोकळ्या जागेसाठी पालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. 2001 मध्ये नियम बदलला, वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जागेची करायची असं ठरलं, आणि बांधकाम उभं असलेली बरीच जमीन वाटणीतून निसटली. सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये तो बदल वैध ठरवला. परळ-लोअर परळमध्ये आज जे काचेचे टॉवर दिसतात तिथे मध्यमवर्गाची आणि गिरणी कामगारांची हजारो घरं झाली असती. ही संधी परत येणार नाही, याचं वाईट वाटतं.

एकीकडे ही टंचाई आणि दुसरीकडे 2011 च्या जनगणनेत मुंबईत सुमारे 4 लाख 80 हजार घरं रिकामी आढळली होती. लोक घर घेऊन कुलूप का लावतात? एक कोटीच्या घराला भाडं मिळतं महिन्याला 28-30 हजार, म्हणजे वर्षाला जेमतेम साडेतीन टक्क्यांच्या आसपास. भाव वाढेल या आशेवर घर ठेवायचं, भाडेकरू बसला तर निघणार नाही ही 1947 पासूनची भीती बाळगायची. ती भीती आता तितकी खरी राहिलेली नाही, पण ती बसलेली आहे.

मग पर्याय काय? सगळ्यात आधी म्हाडा. मुंबई मंडळाने 2023 मध्ये 4,082 घरांची आणि 2024 मध्ये 2,030 घरांची सोडत काढली. दोन्ही वेळा अर्ज लाखाच्या वर. 2024 ला एका घरामागे पन्नासहून जास्त अर्ज होते. म्हणजे नशिबाचा भाग मोठा, पण अर्ज न करणं हा वेडेपणा. पती-पत्नीचं मिळून वार्षिक उत्पन्न 6 लाखांपर्यंत असेल तर अत्यल्प गट, 9 लाखांपर्यंत अल्प, 12 लाखांपर्यंत मध्यम आणि त्यापुढे उच्च. राज्यातलं पंधरा वर्षांचं अधिवास प्रमाणपत्र आणि आयकर विवरणपत्र किंवा तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला हे आधीच तयार ठेवा, कारण जाहिरात निघाल्यावर दाखल्यांसाठी धावपळ करताना मुदत संपते. मुंबई महापालिकेच्या हद्दीत स्वतःचं पक्कं घर नसावं लागतं. पत्रकार, कलाकार, माजी सैनिक, राज्य सरकारी कर्मचारी यांना वेगळा कोटा असतो, आपण त्यात बसतो का हे अनेकांनी तपासलेलंच नसतं. सोडतीत नाव लागूनही काही जण घर परत करतात, कारण पैसे भरायची मुदत जवळ आली तरी कर्ज मंजूर झालेलं नसतं. म्हणून बँकेत आपली पात्रता अर्जाआधी विचारून ठेवा. आणि म्हाडाने कुणालाही एजंट नेमलेलं नाही. ‘आतून’ घर लावून देतो म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

दुसरा पर्याय लांब जाण्याचा: विरार, बदलापूर, टिटवाळा, उलवे, तळोजा. तिथे एक कोटीच्या निम्म्यात घर मिळू शकतं आणि मग 33 लाखांचा डोंगरही निम्मा होतो. पण घर घेण्याआधी तिथून कामावर एकदा गर्दीच्या वेळेला जाऊन बघा, रविवारी दुपारी बिल्डरच्या गाडीतून नको. बदलापूरहून सीएसएमटीला लोकलला सव्वा तासाहून जास्त लागतो, त्याआधी स्टेशनपर्यंतची रिक्षा. लहान मूल असेल तर संध्याकाळी सातनंतर त्याच्याजवळ कोण असेल, हाही घराच्या किमतीचाच भाग आहे. पाणी रोज येतं की टँकर, हे बिल्डरला नाही, तिथल्या एखाद्या भाजीवाल्याला किंवा वॉचमनला विचारा. विरार-बोळींजची म्हाडाची हजारो घरं कित्येक वर्षं विकली जात नव्हती, त्यामागे पाण्याचा प्रश्न हे मोठं कारण होतं.

बांधकामाधीन घर घेणार असाल तर महारेराचं, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाचं, संकेतस्थळ उघडून प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाका. ताब्याची मूळ तारीख काय होती, ती किती वेळा पुढे ढकलली, जमिनीवर कर्ज आहे का, खटले आहेत का, सगळं तिथे असतं. 2016 च्या रेरा कायद्याप्रमाणे नोंदणीकृत करार करण्याआधी बिल्डर किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त पैसे घेऊ शकत नाही. विक्री कार्पेटवरच करायची, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापरायच्या जागेवर. सेल्स ऑफिसमध्ये ‘सेलेबल’ किंवा सुपर बिल्टअपचा आकडा सांगितला तर तो बाजूला ठेवा आणि किंमत भागिले कार्पेट एवढंच काढा. 650 फूट म्हणून ऐकलेलं घर 400 चं निघतं आणि भाव एकदम वेगळा दिसतो. ताबा लांबला तर व्याज मागता येतं, पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर बिल्डरने तो विनामूल्य दुरुस्त करायचा. मात्र घर तयार होईपर्यंत राहत्या जागेचं भाडं आणि कर्जाचं व्याज दोन्ही चालू राहतात, ते दोन-तीन वर्षं झेपेल का हे आधी बघा.

जुनं घर घेताना ओसी आहे का, जमिनीचा कन्व्हेयन्स (मालकी हस्तांतराचा दस्त) सोसायटीच्या नावावर झालाय का, शेअर सर्टिफिकेट मूळ आहे का आणि इंडेक्स टूची (नोंदवलेल्या व्यवहारांच्या सरकारी उताऱ्यांची) साखळी पहिल्या मालकापासून जुळते का, हे वकिलाकडून बघून घ्या. हे करायच्या आधी टोकन देऊ नका. कन्व्हेयन्स नसेल तर उद्या पुनर्विकासात तोच मोठा अडसर होतो. इमारत चाळीस-पन्नास वर्षांची असेल तर बँक कर्ज कमी देते, म्हणजे स्वतःचे 33 लाखही पुरत नाहीत. ‘इमारत लवकरच रिडेव्हलपमेंटला जाणार’ या वाक्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नका. तसा नोंदणीकृत विकास करार झालेला असेल तर तो दाखवा म्हणा.

आणि भाड्याने राहणं. याला आपल्याकडे उगाच कमीपणा मानतात. उदाहरणातल्या जोडप्याला त्याच इमारतीत तसंच घर 28-30 हजारांत मिळतं, म्हणजे हप्त्याच्या निम्म्याहून कमी. उरलेले 35 हजार दर महिन्याला खरोखर बाजूला टाकले तर ते अजिबात चुकीचं करत नाहीत. खर्च झाले तर मात्र पुढच्या दहा वर्षांत त्यांच्याकडे ना घर ना पैसे. भाड्याचा खरा त्रास पैशाचा नाही. दर अकरा महिन्यांनी दलाली, मुलाची शाळा बदलण्याची टांगती तलवार, आणि घर दाखवताना आडनाव, धर्म, ‘नॉनव्हेज खाता का’ हे प्रश्न. एकट्या राहणाऱ्या मुलीला तर सोसायटीच्या कमिटीसमोर स्वतःचं चारित्र्य सिद्ध करावं लागतं. मुंबईसारख्या शहराला हे शोभत नाही, आणि भाडेकरूला घर नाकारण्याविरुद्ध धड कायदा नाही ही मोठी उणीव आहे.

जे आहे ते तरी नीट वापरू. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीच्या भाड्याचा, करार कितीही महिन्यांचा असला तरी नोंदवावाच लागतो आणि ती जबाबदारी मालकाची असते. नोंदणी घरबसल्या ऑनलाइन होते. अकरा महिन्यांचाच करार करायची सक्ती कुठेही नाही. तीन वर्षांचा करार करा, दर वर्षी किती टक्के वाढ हे त्यातच लिहून घ्या, म्हणजे शाळेचा आणि दलालीचा प्रश्न तीन वर्षांपुरता तरी मिटतो. मालक घाबरत असेल तर त्याला दाखवा की नोंदणीकृत करार संपल्यावर भाडेकरू हटला नाही तर कायद्याने दुप्पट भाडं घेता येतं आणि घर परत मिळवायची वेगळी, झटपट प्रक्रिया आहे. डिपॉझिट बँकेतूनच द्या, करारात किती दिवसांत परत मिळणार ते लिहा, आणि आत शिरताना भिंती, नळ, गीझर, खिडक्यांचे फोटो काढून मालकाला त्याच दिवशी पाठवून ठेवा.